उजव्या बाजूचं स्टूल

दारात कोणीही आलं की काकांचा पहिला प्रश्न ठरलेला असे.

"आठ का चार?"

या, बसा, कुठले तुमी, यातलं काही नाही. विजेचं बिल द्यायला आलेल्या माणसालाही त्यांनी हेच विचारलेलं मी ऐकलं आहे. प्रत्येक स्पीकरच्या पाठीवर एक आकडा असतो, आठ ओहम किंवा चार ओहम. स्पीकर विजेला किती अडवतो त्याचं ते माप. ज्याला आपल्या स्पीकरचा हा आकडा सांगता येत नसे त्याला ते उंबऱ्यावरूनच परत पाठवत. "घरी जा, पाठ बघ, मग ये."

शहापुरात एका पिठाच्या गिरणीमागे त्यांची खोली होती. एका भिंतीला जुने रिसीव्हर रचलेले. रेडिओ आणि अॅम्प्लिफायर एकाच पेटीत असलेली ती चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची जपानी यंत्रं. पुढे काचेची पट्टी, पट्टीत सुई, मागे पिवळा दिवा. लोक ती भंगारातून किंवा कोणाच्या माळ्यावरून मिळवत आणि कल्याण-ठाण्याहून त्यांच्याकडे घेऊन येत. दुरुस्ती ते करत, पण ती त्यांच्या लेखी फुटकळ होती. खरं काम त्यानंतरचं. या रिसीव्हरला कुठला स्पीकर झेपेल, कुठला साजेल, हे ठरवायला ते महिना महिना घेत.

गिरणीमुळे पीठ उडे, म्हणून प्रत्येक पेटीवर जुन्या लुगड्याचा तुकडा. आणि चक्की सुरू झाली की व्होल्टेज पडे, सगळ्या पट्ट्यांचे दिवे एकदम मंद होत. त्यामुळे त्यांची ऐकण्याची वेळ एकच. गिरणीवाला दुपारी एकला जेवायला घरी जाई आणि तीनला परत येई. ते दोन तास. त्या वेळात ते कोणाशी बोलत नसत. उरलेल्या वेळात त्यांच्याशी बोलायला फारसं कोणी येत नसे.

मी पहिल्यांदा गेले ती एक मेलेला रिसीव्हर घेऊन. खर्डीजवळ आमची वस्ती. तिथल्या समाजमंदिरात कोणीतरी दान दिलेला एक जुना रिसीव्हर होता. जयंतीला आवाज मोठा हवा म्हणून पोरांनी त्याला चार चार खोकी जोडली. माझ्या भाषणाच्या तिसऱ्या वाक्याला धूर आला. राहिलेलं भाषण मी तसंच ओरडून पुरं केलं, आणि त्याचा मला अभिमान होता.

त्यांनी झाकण उघडलं, वास घेतला, माझ्याकडे बघितलं.

"किती स्पीकर लावलेले?"

"आठ. दोन्ही बाजूंना चार चार."

"मारलात तुमी त्याला."

मग त्यांनी समजावलं. ते तीस वर्षं पाण्याच्या पंपिंग स्टेशनवर ऑपरेटर होते, त्यामुळे त्यांचं सगळं समजावणं पंपातून येई. "पंपाचे सगळे व्हॉल्व एकदम उघडले तर काय होतं ठाव हाय? पाणी जोरात जातं, बघणारा खूश होतो. मोटर मात्र धापा टाकते नि जळते. एकाला एक स्पीकर जोडत गेलात तर अडवणूक कमी कमी होत जाते. आठाचे दोन केलेत तुमी. याला अडवणारा कोणीतरी लागतो गो. कोणीच अडवलं नाय तर हा स्वतःच जळतो."

मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि अडवणं हा शब्द मला फक्त एकाच अर्थाने माहीत होता. आमच्या घरात खेळण्यांच्या आधी पत्रकं आली. बाबा पत्रकं लिहीत, तालुक्याला छापून आणत, मी घड्या घालायची. अक्षरं मी त्यांच्यावरच शिकले. त्यामुळे कोणी बोलला की त्याचं काय चुकलं हे मला लगेच दिसायचं.

त्यांचंही दिसलं. कल्याणहून आलेल्या एका गिऱ्हाइकाला ते सांगत होते, "ही सोयरीक जमणार नाय. हा रिसीव्हर वीस वॅटचा, गरीब. त्याला मोठा, हलक्या कागदाचा स्पीकर पायजे, जो थोडक्यात बोलतो. तुमचा हा बारका नि जड. हा खाईल त्याला." गिऱ्हाईक गेल्यावर मी म्हणाले, "काका, सोयरीक, जुळवाजुळव ही भाषा आपण सोडलेली आहे. जुळवूनच तर लोकांनी जाती टिकवल्या."

त्यांनी हातातला स्क्रू डबीत टाकला.

"मी पत्रिका नाय बघत गो. ओहम बघतो. ओहमला जात नसते."

"बोलणं तेच आहे ना."

"बरं. उद्यापासून सोयरीक नाय बोलणार."

आणि खरंच त्यानंतर तो शब्द त्यांच्या तोंडून आला नाही. माझ्या बोलण्यावरून स्वतःचं बोलणं बदललेला माणूस मला तोवर भेटला नव्हता. मी दर रविवारी जाऊ लागले.

मी जायची आणि ते येऊ द्यायचे, याला त्यांच्या बाजूनेही एक कारण होतं. पंपांच्या घरघरीत त्यांचे कान गेले होते. सगळे नाहीत, वरचे. ढोलकी ऐकू येई, माणसाचा आवाज येई, पण झांज नाही, बांगडीचा किणकिणाट नाही. जोडी जमली की नाही हे कळायला झांज ऐकावीच लागते. इतकी वर्षं ते गिऱ्हाइकालाच विचारत, आणि गिऱ्हाईक घाईत असलं की खोटं सांगे. मी आल्यावर ते खुर्ची मागे घेत, मला मध्ये बसवत आणि स्वतः माझ्या तोंडाकडे बघत बसत.

"झांज येते?"

"येते."

"टोचते का बसते?"

"टोचते."

की लगेच तो स्पीकर बाजूला. माझ्या शब्दावर त्यांनी महिन्याचं काम मोडलेलं आहे. गाणं चालू असताना ते माझ्याकडे ज्या नजरेने बघत, तसं आजवर कोणी माझं भाषणही ऐकलेलं नाही.

एका फार्महाऊसवाल्याला मात्र त्यांनी माझ्यासमोर घालवलं. मुरबाडच्या बाजूला त्याची जागा होती. शनिवार-रविवार पाहुणे येत, आवाज बागेपर्यंत पाहिजे होता. उत्तम रिसीव्हर आणलेला, आणि त्याला नको ते स्पीकर. "चालवून घ्या काका, कोणाला कळतंय," तो म्हणाला. काकांनी रिसीव्हर पुसला, लुगड्यात गुंडाळला, त्याच्या गाडीच्या मागच्या सीटवर ठेवला आणि पट्टा लावला. "याला कळतंय," एवढंच म्हणाले. मला असली माणसं आवडायची. आमच्या घरी तत्त्व सोडणाऱ्याला वाईट म्हणत नसत, त्याचं नाव घेणंच सोडत.

आता स्टुलाकडे येते.

खोलीच्या मधल्या भिंतीपाशी त्यांचा स्वतःचा रिसीव्हर होता, विकायचा नसलेला. त्याच्या डाव्या बाजूला एक उंच स्पीकर, सागाच्या रंगाची पेटी, पुढे तपकिरी जाळी. उजव्या बाजूला एक स्टूल. रिकामं. एके दिवशी मी त्यावर माझी पिशवी ठेवली. ते उठले, पिशवी उचलून माझ्या मांडीवर ठेवली आणि स्टूल फडक्याने पुसलं.

"इथं कोण बसतं?" मी हसत विचारलं.

"याचा जोडीदार."

जोडीदार वैशाखऱ्याला होता. मुरबाडहून माळशेज घाटाकडे जाताना रस्त्याला लागून जे गाव आहे तिथे, त्यांच्या थोरल्या भावाच्या घरी.

गोष्ट साधी होती. त्यांचे वडील गायनपार्टीत गात. थोरला भाऊ आखातात नोकरीला गेला आणि पहिल्या सुट्टीत हा सेट घेऊन आला: रिसीव्हर, कॅसेटचा डेक आणि दोन स्पीकर. डेकला दोन माइक लागत, एक डावा, एक उजवा. त्यांनी घरातच वडिलांची कॅसेट भरली. वडील डाव्या माइकसमोर, बाजाची पेटी घेऊन. उजव्या माइकसमोर कोरस: आई, थोरला भाऊ, झांज. वडील गेले, मागोमाग आई गेली, आणि वाटणी निघाली. थोरला म्हणे, सेट मी आणला. हे म्हणत, मी सांभाळला, मीच वाजवला. शेवटी समाजमंदिरात समाजाची बैठक बसली. बैठकीने भाताची दोन खाचरं वाटली, भांडी वाटली, आणि न्याय बरोबर व्हावा म्हणून सेटही वाटला. रिसीव्हर धाकट्याला, डेक थोरल्याला. आणि खोकी दोन, भाऊ दोन, म्हणून एक एक खोकं.

"बैठकीला काय ठाव, दोन खोकी ही एकच वस्तू हाय म्हणून," ते म्हणाले. "त्या मंदिरात ते दोघांनाच ठाव होतं. मला नि दादाला. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. आधी कोणी बोलायचं?"

"मग?"

"मग काय. टेम्पो भरले."

त्याला बावीस वर्षं झाली होती. डेक त्यांनी भंगारातून दुसरा उभा केला, कॅसेट त्यांच्याकडेच होती. ती ते एकाच स्पीकरवर लावत. त्यातून वडिलांचा आवाज येई, आणि कोरस खूप लांबून, शेजारच्या घरात चालला असल्यासारखा. मी म्हणाले, दुसरा आठ ओहमचा लावा, इथे वीस पडलेत. नको म्हणाले. बरं, तार बदला, याच स्पीकरला उजवी बाजू जोडा. नको. रिसीव्हरला मोनोचं बटण असतं, ते दाबलं की दोन्ही बाजू एकाच स्पीकरमधून येतात, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. पण या रिसीव्हरच्या त्या बटणावर चिकटपट्टी मारलेली होती, जुनी, पिवळी पडलेली.

"त्याची बाजू तो घेऊन येईल," ते म्हणाले.

हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं असतं तर पुढचं झालं नसतं. त्यांना स्पीकर आणणारा माणूस हवा होता. मी स्पीकर हवा असं ऐकलं, आणि तो मिळवून देणं मला न्यायाचं काम वाटलं.

एका रविवारी स्कूटी काढून मी मुरबाडवरून वैशाखऱ्याला गेले. थोरला भाऊ ओट्यावर नाचणी निवडत बसला होता. चेहरा तोच, फक्त मिशा जास्त. मी कोण, कुठली, कशाला आले, सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी मला पाणी दिलं, मग आत नेलं. स्पीकर भिंतीपाशी होता, वर भरतकामाचा रुमाल. जवळ रिसीव्हर नाही, डेकही बाजूला बांधून ठेवलेला. बावीस वर्षं तो वाजलेला नव्हता.

"हात लाव," ते म्हणाले. "धूळ हाय का बघ."

नव्हती.

"तुम्हाला उपयोग नाही तर देत का नाही?" मी विचारलं.

"तुला कोणी पाठवलं? त्याने?"

"नाही, मीच आले."

"मग जा. वस्तू हवी तर त्याने यावं. माझ्या दारात येऊन म्हणावं, दादा, दे. लगेच देतो. तोवर ही इथून हलणार नाय."

"म्हणजे त्याने तुमच्यापुढे वाकावं, एवढंच ना?"

"जेवून जाशील का?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले. अडवणाऱ्याच्या घरी मी जेवत नसे.

काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी सोल्डरिंगची लेखणी खाली ठेवली. सगळं विचारून घेतलं. रुमाल कसला होता, मिशा पिकल्या का, ओटा शेणाचाच का लादीचा. जेवून का नाय आलीस, हे दोनदा विचारलं.

"तुम्ही जा ना एकदा. मी नेते."

"थोरला तो. त्याने यायचं."

"ते म्हणतात तुम्ही यायचं."

"म्हणू दे," ते म्हणाले, आणि त्या दिवशी बराच वेळ मधूनमधून हसत होते. मला वाटलं, हार मानून हसताहेत.

त्या वर्षीच्या जयंतीचं चार पानी पत्रक मी लिहिलं. तिसऱ्या पानावर मजकूर कमी पडत होता. मी तिथे दोन भावांची गोष्ट लिहिली. नावं नव्हती. पण घाटरस्ता होता, आखात होतं, रुमाल होता. जी वस्तू स्वतःला वाजवता येत नाही ती दुसऱ्याला वाजवू न देणं ही कसली वृत्ती, आणि समता फक्त भाषणात मागणाऱ्यांनी आधी आपलं घर बघावं, असं बरंच. भाषा चांगली होती. बाबांनी ते छापून आल्यावर वाचलं आणि घडी घालून बाजूला ठेवलं. "पत्रक परक्यासाठी काढतात गो," एवढंच म्हणाले. "घरच्या माणसाला चिठ्ठी लिहितात."

पत्रक मुरबाडकडेही गेलं. वैशाखऱ्याच्या विहारात ते मोठ्याने वाचलं गेलं, म्हातारा समोर बसलेला असताना, हे मला नंतर कळलं.

पंधरा दिवसांनी, मी काकांच्या खोलीत असतानाच, गिरणीसमोर टेम्पो थांबला. ड्रायव्हरने गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी उतरवलं, मग दुसरं लहान गाठोडं. काका दारात आले. ड्रायव्हरच्या मागे कोणी उतरतंय का, म्हणून त्यांनी वाकून टेम्पोत बघितलं. शेजारची सीट रिकामी होती.

"वैशाखऱ्याच्या बाबांनी सांगितलंय," ड्रायव्हर म्हणाला, "आता सगळं तुमचं. वाटणी पुरी झाली."

"दादा कुठंय?"

"घरी. ते नाय आले. बोलले, आता यायचं काय कारण नाय."

गोधडीत स्पीकर होता, गाठोड्यात डेक. स्पीकरवर रुमाल नव्हता. त्या जागी माझं पत्रक होतं, तिसरं पान वर करून, चार घड्या घातलेलं.

काकांनी ते वाचलं. चष्मा नव्हता, म्हणून लांब धरून, ओठ हलवत वाचलं. मी दाराशी उभी होते. मला वाटत होतं ते ओरडतील, आणि मी उत्तर तयार करत होते.

"अक्षर कुठं चुकलेलं नाय," ते म्हणाले आणि पत्रक खिशात ठेवलं.

मग कामाला लागले. मीटर लावला, सुई साडेसहावर थांबली. आठ ओहमचा स्पीकर मीटरवर एवढाच दाखवतो. पेन्सिल सेलला दोन तारा लावून त्यांनी त्या स्पीकरला टेकवल्या. आतला कागद टप करून पुढे आला. "जिवंत हाय," ते स्वतःशीच म्हणाले. कागदाला एक चीर नव्हती, जाळीला एक छिद्र नव्हतं. बावीस वर्षं कोणीतरी ते रोज पुसलेलं होतं. स्टूल काढून त्यांनी स्पीकर त्या जागी उभा केला.

एक वाजला. चक्की थांबली.

त्यांनी मला खुर्चीत मध्ये बसवलं आणि कॅसेट लावली. डावीकडून वडील आले, नेहमीसारखे. आणि उजवीकडून पहिल्यांदा ती खोली आली: भांडं सरकल्याचा आवाज, आईचं खाकरणं, बांगड्या. कोरस उजवीकडे इतक्या जवळ होता की मला तिकडे वळून बघावंसं वाटलं. त्यात एक तरुण आवाज होता, थोडा घाईचा, प्रत्येक ओळीला बाकीच्यांच्या आधी उतरणारा.

"दादा," ते म्हणाले. "त्याला दम नसायचा."

"झांज येते?" त्यांनी मग विचारलं.

"येते."

"टोचते का बसते?"

"बसते."

जोडी जमली होती, त्यांनी आयुष्यात जमवलेल्या सगळ्या जोड्यांहून चांगली. पहिलं गाणं संपलं. दुसऱ्याआधी वडिलांची पेटी सुरू झाली आणि उजवीकडून तोच तरुण आवाज अगदी माइकजवळ, हळू म्हणाला, "थांबा जरा. तो यायचाय अजून." पेटी थांबली. कुठेतरी दार वाजलं. कोणीतरी धावत येऊन धप्पकन बसलं. मग गाणं सुरू झालं.

काकांनी टेप थांबवली.

"विहिरीवर गेलेलो," ते म्हणाले. "पाणी आणायला. हे असं काय हाय त्यात, विसरलोच होतो."

"काका, आपण आत्ता निघू. मी स्कूटी काढते. संध्याकाळच्या आत वैशाखऱ्याला पोचू."

"जाऊन काय बोलू?"

"काहीही. दादा म्हणा."

"आता मागायला काय उरलंय तिथं?" त्यांनी शांतपणे विचारलं. भाषणात मला त्याचं उत्तर आलं असतं.

ते आजही गिरणीमागे आहेत. मी मुरबाडला शाळेत नोकरीला लागले, म्हणून जाणं कमी झालं, असं मी लोकांना सांगते. वैशाखऱ्यालाही मी पुन्हा एकदा गेले, या वेळी जेवणाच्या वेळेला. थोरल्याने मला ओळखलं. पाणी दिलं. जेवायला विचारलं नाही.

पण माझ्या लक्षात राहिला आहे तो त्याच दुपारचा उरलेला वेळ. त्यांनी टेप मागे घेतली. रिसीव्हरवर बॅलन्सचं बटण असतं, आवाज डाव्या बाजूला ठेवायचा की उजव्या, ते ठरवणारं. बावीस वर्षं ते डावीकडे टोकाला होतं, त्या दुपारी कॅसेट लावताना त्यांनी ते मध्ये आणलं होतं. आता त्यांनी ते हळूहळू फिरवलं आणि उजवीकडे टोकाला नेऊन सोडलं. वडील गेले. "थांबा जरा. तो यायचाय अजून." त्यांनी टेप पुन्हा मागे घेतली. पुन्हा लावली. तीन वाजले, चक्की सुरू झाली, पट्टीचा दिवा मंद झाला, आणि ते तसेच उजव्या पेटीला कान लावून बसून राहिले. जोडी पुरी होती, आणि तिच्यातला एकच वाजत होता.